कार्ड गेम छापण्याआधी तो कसा तपासावा: 'आर्टिफॅक्ट'च्या दोषांवरून बांधलेली पद्धत

४ मार्च २०२१ रोजी व्हॉल्व्ह कंपनीने 'आर्टिफॅक्ट' या डिजिटल कार्ड गेमचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. हा खेळ कुणा नवशिक्याने रचलेला नव्हता. १९९३ साली 'मॅजिक: द गॅदरिंग' काढून संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा प्रकारच जन्माला घालणारे रिचर्ड गारफील्ड त्याचे रचनाकार होते. पाठीशी 'डोटा २' या व्हॉल्व्हच्याच लोकप्रिय संगणकी खेळाचं तयार जग होतं आणि विकायला स्टीमसारखी ऑनलाइन पेठ होती. २८ नोव्हेंबर २०१८ला खेळ बाजारात आला तेव्हा एका वेळी सुमारे ६० हजार लोक खेळत होते. मार्च २०१९पर्यंत ही संख्या काही शेकड्यांवर उतरली.

तेव्हा बहुतेक टीका कंपनीच्या लोभावर झाली. ती अर्धीच खरी आहे. मूळ दुखणं असं होतं: खेळ इतका गुंतागुंतीचा की त्याला पहिल्या दिवसापासून दुरुस्ती लागणार होती, आणि पानं मात्र बाजारभावाने विकलेली, त्यामुळे एखादं पान बदललं की कुणाच्या तरी पैशाला हात लागणार. बाकीचे दोष या एका गाठीपायी जागच्या जागी राहिले. त्यातला जवळजवळ प्रत्येक दोष दोन माणसं, एक वही आणि कागदाची पानं घेऊन आधीच पकडता येतो. स्वतःचा कार्ड गेम रचत असाल तर पुढची तपासणी छपाईच्या आधी करा.

आधी 'आर्टिफॅक्ट'चा सांगाडा

तीन लेन, म्हणजे एकाच डावातल्या तीन वेगळ्या आघाड्या. प्रत्येक लेनमध्ये दोघांचा एकेक टॉवर, आरोग्य ४०. टॉवर पडला की त्या जागी ८० आरोग्याचा दुसरा बुरूज, 'एन्शंट', उभा राहतो. दोन टॉवर पाडा किंवा एक एन्शंट पाडा, डाव जिंकला. गड्डीत ५ हिरो (लढणारी मुख्य पात्रं), किमान ४० पानं आणि वेगळी किमान ९ वस्तूंची पानं. माना (पान खेळायला खर्चावी लागणारी शक्ती) प्रत्येक टॉवरचा स्वतंत्र, ३पासून सुरू होऊन दर फेरीला एकने वाढणारा. पानांचे रंग चार: लाल, हिरवा, निळा, काळा. ज्या रंगाचं पान खेळायचं त्या रंगाचा हिरो त्या लेनमध्ये जिवंत असायला हवा. दर फेरीला दोन पानं उचलायची, तिन्ही लेन एकेक करून खेळायच्या, मग मिळालेल्या सोन्यातून खरेदी. हिरो मेला तर एक फेरी बाहेर बसतो आणि नंतर हव्या त्या लेनमध्ये परततो.

हे वाचतानाच दम लागतो. तरी सांगाडा सुंदर आहे. तीन आघाड्यांवर कुठे जोर लावायचा आणि कुठे हार मानायची, हा प्रश्न दर फेरीला नव्याने पडतो. म्हणूनच त्याचे दोष शिकण्याजोगे आहेत.

साहित्य

४० पानं, ५ हिरो आणि ९ वस्तू मिळून ५४ होतात. बाजारातल्या पत्त्यांच्या जोडातही ५२ पत्ते आणि २ जोकर, म्हणजे ५४च. तेव्हा असं करा: साध्या पत्त्यांचे दोन जोड घ्या, प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घाला आणि पुढच्या बाजूला तुमच्या पानाची चिठ्ठी सरकवा. चिठ्ठीचा आकार ६३ × ८८ मिमी, कव्हर ६६ × ९१ मिमीचं. ए-४ कागदावर तीन गुणिले तीन अशी ९ पानं बसतात, म्हणजे एका गड्डीला बरोबर ६ कागद. कागद साधा, ८० जीएसएमचा. प्रिंट देताना 'फिट टू पेज' बंद करून १०० टक्के आकार निवडा. नाहीतर पानं लहान होतात, कव्हरमध्ये हलतात आणि पिसताना वर येतात.

तिसरा जोड नशिबासाठी बाजूला ठेवा. त्याचं कारण पुढे येईल. शिवाय एक फासा, पेन्सिल, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि आडवी वही.

सुरुवातीलाच ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डावर रंगीत छपाई करण्याचा मोह टाळा. जाड कागदावर चकचकीत छापलेलं पान चुकीचं आहे हे दिसत असूनही ते फाडायला हात धजत नाही, आणि मग नियमांनाच ठिगळं लावली जातात. निदान पहिले ३० डाव आकडे पेन्सिलीने लिहिलेले असावेत.

नशीब कुठे बसलंय ते शोधा

मेंढीकोट आठवा. पत्ते पिसून वाटले की नशिबाचं काम संपलं. हातात आलेल्या १३ पानांत काय करायचं ते तुमच्या हाती, आणि हरलात तर कुठलं पान चुकलं हे नंतर दाखवता येतं. नशीब निर्णयाच्या आधी येतं, तेव्हा त्याचा राग येत नाही. विचार करून चाल खेळल्यानंतर नाणं उडवून ती फुकट घालवली, तर मात्र राग येतो.

'आर्टिफॅक्ट'मध्ये दोन्ही प्रकार होते. पहिल्या फेरीत हिरो कुठे उभे राहतील हे नशिबावर. दर फेरीला आपोआप येणारे साधे सैनिक, म्हणजे क्रीप, कुठल्या लेनमध्ये जातील हे नशिबावर. समोर शत्रू नसलेला मोहरा (हिरो किंवा क्रीप) सरळ टॉवरवर मारेल की बाजूच्या शत्रूवर, हे बाणांनी ठरे: सरळ ५० टक्के, डावीकडे २५, उजवीकडे २५. दुकानातल्या वस्तूही बदलत्या. शिवाय 'चीटिंग डेथ' नावाचं हिरवं पान: त्या लेनमध्ये हिरवा हिरो असेल तर आपला कुणीही मोहरा मरताना ५० टक्के शक्यतेने १ आरोग्य राखून वाचे.

तपासणी अशी. एक पूर्ण डाव खेळा. नशिबाची प्रत्येक घटना वहीत एका ओळीत लिहा आणि चार रकाने भरा: फेरी, काय झालं, कुठल्या निर्णयाच्या आधी झालं, कुठल्या निर्णयाच्या नंतर झालं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवायचं कारण बाण. बाण लेनमध्ये पान टाकण्याच्या आधी दिसत, पण हिरो कुठे पाठवायचा हे ठरवून झाल्यावर. म्हणजे एका निर्णयासाठी ती माहिती होती आणि दुसऱ्यासाठी शिक्षा. असे दोन तोंडांचे नियम सगळ्यात फसवे. रचणाऱ्याला त्यांचं पहिलं तोंड दिसतं, खेळणाऱ्याला दुसरं.

आता मापायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत खेळा, हिरो कुठे पाठवायचे ते ठरवा आणि मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा. इथून पुढे फक्त बाण काढा, वीस वेळा. नशिबाचा तिसरा जोड इथे लागतो. जोकर काढून टाका आणि एकेक पत्ता ओढा: काळा पत्ता म्हणजे सरळ, बदाम म्हणजे डावीकडे, चौकट म्हणजे उजवीकडे. प्रमाण आपोआप ५०-२५-२५ बसतं. प्रत्येक वेळी पत्ता परत ठेवून पिसा. टॉवरचं नुकसान लिहीत जा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

काय दिसेल त्याचा हिशोब आधीच करता येतो. ४ हल्ल्याचे दोन मोहरे, समोर जागा रिकामी, बाजूला मात्र शत्रू. दोघेही सरळ मारतील अशी शक्यता २५ टक्के, नुकसान ८. एकच सरळ, ५० टक्के, नुकसान ४. कुणीच नाही, २५ टक्के, नुकसान ०. निर्णय तोच, आणि ४०च्या टॉवरला एक पंचमांश भगदाड पडतं किंवा ओरखडाही उठत नाही. हे तीन लेनमध्ये, प्रत्येक फेरीत.

अनेक डावांची सरासरी काढली तर हे सगळं एकमेकांना खोडून काढतं आणि चांगला खेळाडू जास्त जिंकतो. 'आर्टिफॅक्ट'मध्येही तसंच होतं, कौशल्याला तिथे भरपूर वाव होता. पण खेळणारा माणूस सरासरी खेळत नाही, एकच डाव खेळतो. त्या डावात आपण का हरलो हे त्याला सांगता आलं पाहिजे. म्हणून डाव संपल्यावर हरलेल्याला एकच प्रश्न विचारा: 'कुठे वेगळं खेळायला हवं होतं?' दहापैकी निदान सात जणांनी एखाद्या चालीवर बोट ठेवलं तर नशीब ठीक बसलंय. बाण, क्रीप किंवा नाणं असं उत्तर चारपेक्षा जास्त वेळा आलं तर रचना बदला. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण कामाला येतात.

दुरुस्तीचे मार्ग दोन. एक, नशीब उचलून निर्णयाच्या आधी नेऊन ठेवा: क्रीप कुठे येणार हे हिरो पाठवण्याआधी उघड करा. दोन, शक्यतेच्या जागी मर्यादा ठेवा: 'मरताना ५० टक्के वाचेल'ऐवजी 'या फेरीत पहिला मरणारा वाचेल'. ताकद साधारण तेवढीच राहते, आणि समोरच्याला त्यावर मात करायची वाट मिळते: आधी हलका मोहरा मारा, मग भारी.

पहिल्याच फेरीत मेलेला हिरो

नशिबाचा हा एक प्रकार वेगळा काढला, कारण 'आर्टिफॅक्ट'ला तो सगळ्यात महागात पडला. सुरुवातीचे हिरो समोरासमोर आपोआप उभे राहत. लाल रंगाच्या 'अ‍ॅक्स'चा हल्ला ७, चिलखत २, आरोग्य ११. त्याच्यासमोर ६-७ आरोग्याचा निळा हिरो आला की पहिल्याच झुंजीत खलास, आणि मारणाऱ्याला ५ सोनं बक्षीस. एकही पान न टाकता एकाचा हिरो फेरीभर बाहेर आणि दुसऱ्याच्या खिशात वस्तू घ्यायला पैसे.

तुमच्या खेळात असं आहे का, ते पाहायला खेळावंही लागत नाही. एक तक्ता आखा. आडवे सगळे हिरो, उभे सगळे हिरो. प्रत्येक चौकोनात लिहा: पहिल्या झुंजीत, एकही पान न खेळता, कोण मरतं? समोरचा मेला तर फुली. २० हिरो असतील तर ४०० चौकोन, एका बैठकीचं काम. एखाद्या हिरोच्या ओळीत एक चतुर्थांशपेक्षा जास्त फुल्या दिसल्या तर त्याचा हल्ला कमी करा किंवा सुरुवातीच्या फेरीत मरण बंद ठेवा.

याला जोडून दुसरी गाठ. 'आर्टिफॅक्ट'मध्ये प्रत्येक हिरो आपलं एक खास पान तीन प्रती घेऊनच गड्डीत येई. ५ हिरो म्हणजे १५ पानं, ४०च्या गड्डीतली ३७.५ टक्के, निवडीविना. कल्पना छान आहे, त्याने हिरोला स्वभाव मिळतो. पण हिरो अंगानेही बळकट आणि त्याचं पानही बळकट असं झालं की त्या रंगाच्या प्रत्येक गड्डीत तोच दिसतो, आणि गड्डी बांधण्यातली गंमत तिथेच संपते. हिरोच्या अंगाला आणि पानाला १ ते ५ असे वेगवेगळे गुण द्या. दोन्ही ४च्या वर असणारा एकही हिरो ठेवू नका. बळकट पान हवं तर दुबळ्या हिरोच्या गळ्यात बांधा, म्हणजे ते घेताना माणूस दोनदा विचार करेल.

रंगाच्या नियमाचीही एक परीक्षा घ्या. प्रत्येक लेन सुरू होताना हातातली किती पानं निव्वळ योग्य रंगाचा हिरो तिथे नाही म्हणून अडली आहेत ते मोजा. एखाद-दुसरं असेल तर तो निर्णयाचा भाग आहे. निम्म्याहून अधिक हात सलग दोन फेऱ्या अडकला तर माणूस खेळत नाही, बघत बसलेला असतो.

पैशाचा हिशोब, जो सगळे शेवटी करतात

'आर्टिफॅक्ट'ची किंमत १९.९९ डॉलर. त्यात दोन तयार गड्ड्या, १० पाकिटं (आत कुठली पानं निघतील हे नशिबावर) आणि ५ तिकिटं. पुढे १२ पानांचं पाकीट १.९९ डॉलरला. बक्षिसाच्या स्पर्धांना तिकीट, पाच तिकिटांना ४.९५ डॉलर. सुटी पानं स्टीमच्या बाजारात विकत घ्यायची, त्यावर १५ टक्के आकार. मित्राला नुसतं पान देण्याची सोय नव्हती. म्हणजे दार उघडायला पैसे, आत पानांना पैसे, स्पर्धेला पैसे आणि विकताना पुन्हा कात्री. 'हार्थस्टोन' हा दुसरा डिजिटल कार्ड गेम २०१४पासून फुकट खेळता येत होता. 'मॅजिक'चा फुकट डिजिटल अवतार 'अरीना' सप्टेंबर २०१८मध्ये, म्हणजे दोनच महिने आधी, सगळ्यांसाठी खुला झाला होता. माणूस तुलना करणारच.

तीन आकडे काढल्याशिवाय किंमत ठरवू नका.

पहिला, संपूर्ण संचाला लागणारी पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक दुर्मिळ पान आणि दुर्मिळ पानं एकूण ६०, सगळी सारख्या शक्यतेची, असं धरा. सगळी एकेकदा मिळायला सरासरी किती पाकिटं? ६० नव्हे, सुमारे २८१. गणित असं: ६० गुणिले (१ + १/२ + १/३ … + १/६०). आणखी बोचरा भाग पुढे आहे. पहिली ५४ पानं सुमारे १३४ पाकिटांत येतात, उरलेल्या ६साठी आणखी १४७ लागतात. संचाचा शेवटचा दहावा हिस्सा निम्म्याहून जास्त पैसे खातो. दुर्मिळ पानं ४० ठेवली तर एकूण १७१ पाकिटं, २० ठेवली तर ७२. यावर उतारा म्हणून नको असलेली पानं मोडून हवं ते घेण्याची सोय ठेवा. 'आर्टिफॅक्ट'मध्ये बाजारात येण्याच्या तोंडावर, टीका झाल्यावर, २० पानं मोडून एक तिकीट मिळण्याची सोय आली. पण त्यातून हवं ते पान मिळत नव्हतं, मिळत होती आणखी एका स्पर्धेची संधी.

दुसरा, स्पर्धेतून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचं प्रमाण. तिथला नियम: ५ विजय किंवा २ पराभव होईपर्यंत खेळायचं, ३ विजयांवर तिकीट परत, ४ विजयांवर तिकीट आणि एक पाकीट, ५वर तिकीट आणि दोन पाकिटं. निम्मे डाव जिंकणारा साधारण खेळाडू घ्या. दुसऱ्या पराभवाआधी त्याचे ३ विजय होण्याची शक्यता १/८ + ३/१६, म्हणजे ५/१६. सोळापैकी अकरा वेळा तिकीट गेलं. १०० पैकी ६० डाव जिंकणारा चांगला खेळाडूही ४७.५ टक्के वेळाच तिकीट परत मिळवतो. गंमत अशी की सरासरीने हिशोब फार वाईट नाही. पाकिटांची छापील किंमत धरली तर ९९ सेंटच्या तिकिटामागे साधारण खेळाडूला सुमारे ९० सेंट परत येतात. पण ते थोड्यांच्या खिशात एकगठ्ठा जातात, आणि दहापैकी सात फेऱ्यांची आठवण 'पैसे गेले' एवढीच राहते. बक्षिसं खालच्या पायरीवर पसरा. २ विजयांवर तिकीट परत दिलं तर साधारण खेळाडू ५० टक्के वेळा सुटतो. त्यासाठी वरचं एक पाकीट कमी करावं लागलं तरी चालेल.

तिसरा, फुकट खेळून माणूस किती दिवस रमतो. पहिल्या दिवशी 'आर्टिफॅक्ट'मध्ये ना श्रेणी होती, ना पातळी, ना तिकिटाविना खेळून पाकीट मिळवण्याची वाट. पैशाविना खेळण्याच्या सोयी होत्या, पण उद्या परत यायला कारण नव्हतं. श्रेणी आणि पातळ्या आल्या त्या २० डिसेंबरला, तीन आठवड्यांनी. नव्या खेळाचे पहिले तीन आठवडे परत मिळत नसतात.

बदलाचं धोरण पाकिटावर छापा

बाजारात येण्याआधी कंपनीची भूमिका होती की पानांना शक्यतो हात लावायचा नाही. कारण उघड आहे: कुणीतरी 'अ‍ॅक्स'ला रोख पैसे मोजलेत. त्याच २० डिसेंबरच्या सुधारणेत ही भूमिका सोडावी लागली. 'अ‍ॅक्स'चा हल्ला ७वरून ६ झाला, 'चीटिंग डेथ' बदललं, 'ड्रो रेंजर' या दुसऱ्या हिरोलाही कात्री लागली. बदल योग्यच होते. पण ज्यांनी पान महाग घेतलं ते दुखावले, आणि ज्यांना आधीच बदल हवा होता ते तोवर निघून गेले होते.

यातून सुटायचं तर दोन टोकांपैकी एक निवडा. पानांना पैशाचं मोल द्यायचं असेल तर आधी काही शे डाव तपासून घ्या आणि मग न बदलण्याचा शब्द पाळा. नाहीतर पानं बदलत राहणार हे पहिल्या दिवशी लेखी सांगा, बदलाची तारीख ठरवा (दर तीन महिन्यांनी, उदाहरणार्थ) आणि बदललेल्या पानाचा मोबदला काय तेही लिहा. छापील खेळात मोबदला सोपा आहे: नवी चिठ्ठी टपालाने पाठवायची किंवा नवं पान छापण्याची फाइल फुकट द्यायची.

काही शे डाव कशाला? नाणं २० वेळा उडवलं तर ६ ते १४ छापे हे सगळं स्वाभाविकच असतं. म्हणजे २० डावांत एका गड्डीने १३ जिंकले म्हणून ती जड आहे असं म्हणता येत नाही. १०० डावांत ४० ते ६० पर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो, ४०० डावांत ४५ ते ५५ टक्के. पाच जणांच्या गटाने रोज चार डाव नोंदवले तरी ४०० व्हायला शंभर दिवस लागतात. छपाईची तारीख त्या हिशोबाने धरा.

वेळ आणि नजर

स्टॉपवॉच दोन लावा, एक विचाराच्या वेळेला, दुसरं हाताळणीच्या वेळेला (पिसणं, बाण ओढणं, सोनं मोजणं, दुकान). हाताळणी विचारापेक्षा जास्त भरली तर नियम कापा. किती वेळा कुणी नुसतं 'पास' म्हणालं तेही रेघा मारून मोजा. 'आर्टिफॅक्ट'चा डाव सहज अर्ध्या तासाकडे जाई, आणि प्रत्येक फेरीत तीन लेन म्हणजे तीन वेळा पाळीपाळीने पान किंवा पास. पास निम्म्याहून जास्त भरले तर एका पाळीत दोन कृती द्या.

नजरेची परीक्षा आणखी सोपी. ज्याला नियम ढोबळ माहीत आहेत अशा तिसऱ्या माणसाला डावाच्या मध्यावर टेबलाशी बोलवा. दहा सेकंद बघू द्या, मग विचारा कोण पुढे आहे. 'आर्टिफॅक्ट'च्या पडद्यावर खेळताना एका वेळी एकच लेन मोठी दिसे. बाकी दोन ठिकाणी काय चाललंय ते डोक्यात धरावं लागे, आणि बघणाऱ्याला तर काहीच उमगत नसे. २०२०मध्ये नव्याने रचलेल्या आवृत्तीत तिन्ही लेन एकाच वेळी दिसायला लागल्या आणि पाकिटं विकणंही बंद झालं. रचना सुधारली होती. पण तोवर खेळाडूच उरले नव्हते, आणि काम थांबवताना कंपनीने कारण दिलं तेही हेच: पुढचं काम करत राहावं इतके लोक खेळत नाहीत.

बंद करायची वेळ आली तर

हा भागही छपाईआधीच लिहून ठेवायचा. या बाबतीत 'आर्टिफॅक्ट' नीट वागला. जुनी आवृत्ती 'क्लासिक' आणि अर्धवट राहिलेली नवी 'फाउंड्री', दोन्ही फुकट झाल्या. 'क्लासिक'मध्ये सगळी पानं सगळ्यांना मिळाली, आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांची पानं खास संग्राहक आवृत्तीत बदलून बाजारात विकण्याजोगी ठेवली.

छापील खेळाचं उदाहरण घ्यायचं तर 'अँड्रॉइड: नेटरनर' बघा. हक्क भाड्याने घेतलेले होते, करार संपला आणि २०१८मध्ये त्याची विक्री थांबली. खेळाडूंनी स्वतःची संस्था उभी केली. ती आज 'नल सिग्नल गेम्स' नावाने नवे संच काढते. तुमचा खेळ दुसऱ्याच्या पात्रांवर किंवा चित्रांवर बेतलेला असेल तर कराराची मुदत आणि त्यानंतर उरलेल्या मालाचं काय, हे आधी वाचा. नियम आणि आकडे चित्रांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे चित्रांचा हक्क गेला तरी खेळ जातो असं होत नाही.

एका फोल्डरमध्ये एवढं तयार ठेवा: नियमांची शेवटची प्रत तारखेसह, बदललेल्या पानांची यादी, सगळ्या पानांचा मजकूर एका तक्त्यात, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी ए-४वर नऊ-नऊ पानांची पीडीएफ. चित्रं नसली तरी चालतील. ज्याच्याकडे झेरॉक्सचं दुकान आणि पत्त्यांचे दोन जुने जोड आहेत, तो त्यावर दहा वर्षांनीही डाव मांडू शकेल.